साफ केलेलं मशीन

मशीनच्या पाठीमागे हात घातला तेव्हा पद्मजाच्या अंगठ्याला नुसता पत्रा लागला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती असा हात घालायची. कॅबिनेट जरासं पुढे ओढायचं, मागचं लॉक चाचपायचं, अंगठ्यानं दाबून घट्ट करायचं आणि मग बटण. इतकी वर्षं हे चाललं होतं की त्यासाठी तिला वाकून बघावंही लागत नसे. लॉक म्हणजे काडेपेटीएवढी एक राखाडी डबी. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं तेव्हा कंपनीनं ती बरोबर दिली होती, आणि ती मशीनच्या पाठीला लागलेली असली तरच सॉफ्टवेअर उघडायचं, नाहीतर नाही. कुणी सीडी चोरून नेली तरी डबीशिवाय तिचा उपयोग शून्य. म्हणून धंद्यातले सगळे तिला लॉकच म्हणत. आज त्या जागी दोन ओळींत बारीक भोकं होती आणि कड गार लागत होती. पडलं असेल म्हणून तिनं टेबलाखालची फरशी चाचपली. फरशी पुसलेली होती. वायरींचं जे जंजाळ तिथे कायम असायचं ते पांढऱ्या पट्ट्यांनी बांधून भिंतीशी उभं केलेलं होतं, आणि ह्या घरात वायरी बांधणारा माणूस एकच होता.

"कर ना चालू," श्यामकांत बाहेरच्या खोलीतून म्हणाला. तो पेपर वाचत नव्हता, वाचत असल्याचं दाखवत होता; नवऱ्याच्या आवाजातला एवढा फरक बायकोला कळतो. "बघ तरी!"

तिनं बटण दाबलं. ओळखीची घरघर झाली, पण पुढचं काहीच ओळखीचं नव्हतं. गडद निळा पडदा, खाली एक पट्टी, आणि मधोमध इंग्रजीत तिचं नाव, वेलकम वगैरे. श्यामकांत एव्हाना मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या दाढीनंतरच्या लोशनचा वास तिच्या मानेशी आला. "लिनक्स," तो म्हणाला. "किती पटकन उठलं बघितलंस? तुझं आधीचं उठेपर्यंत चहा गार व्हायचा. विंडोजची ती पुराणवस्तू काढून टाकली. आता व्हायरस नाही, हँग होणं नाही. तू रेवतीकडे बोरिवलीला होतीस तेवढ्यात करून टाकलं. म्हटलं, सरप्राईज द्यावं."

"डी कुठाय?" पद्मजानं विचारलं.

"कोण?"

"डी ड्राईव्ह. माझी कामं."

"अगं, ह्यात डी-बी काही नसतं. सगळं एकच झाड असतं, त्याला फांद्या." तो समजावण्याच्या सुरात आला. "तुझं माय डॉक्युमेंट्स मी आधी पेनड्राईव्हवर घेतलं, मगच डिस्क पुसली. मी काय इतका हा आहे का? हे बघ." त्यानं तिच्या खांद्यावरून हात लांबवून माऊस धरला आणि एक फोल्डर उघडलं. लेकीच्या, रेवतीच्या बारशाचे स्कॅन केलेले फोटो, रेवतीच्या लग्नाचे फोटो, गॅस एजन्सीच्या नंबराचं एक पान. माय डॉक्युमेंट्स सी ड्राईव्हवर, तिथे दुसरं काही असणारच नव्हतं. डीटीपी करणारा माणूस कामाची फाईल सी वर ठेवत नाही. दादरच्या क्लासमध्ये अगदी सुरुवातीला शिकवलेली गोष्ट होती ती. विंडोज बिघडतं, सी उडवावा लागतो, म्हणून काम डी वर. आणि रोज संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी डी ची नक्कल ई वर, म्हणजे डी ला काही झालं तरी ई आहे. पद्मजानं ही नक्कल कधी चुकवली नव्हती. अंगात ताप असताना नाही, सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हाही नाही.

"आणि ई?"

"अख्खी डिस्क साफ केली गं. कोपरान् कोपरा."

"आणि मागची डबी?"

"कुठली डबी? हां, ते टोपण?" तो हसला. "त्याला काही जोडलेलंच नव्हतं. रिकामंच लटकत होतं. जुन्या केबलींबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं. टाईप करून बघ ना, मराठीपण घातलंय मी."

पद्मजानं, का कोण जाणे, बोटं ठेवली. कुठलंही कोरं पान ती 'श्री' टाकून तपासायची. बोटं आपली आपण पडली आणि पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं उमटली. तिनं परत टाकलं, परत तेच. "कीबोर्ड वेगळा आहे," श्यामकांत म्हणाला. "सरकारी. आता सगळीकडे हाच चालतो. तुझा तो टाईपरायटरच्या जमान्यातला होता. होईल सवय." सवय! मुलुंड स्टेशनजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हातांवर कापडाचा पडदा टाकलेला असायचा, अक्षरं दिसू नयेत म्हणून. मास्तर पट्टी घेऊन मागून फिरायचे आणि म्हणायचे, बोटांना कळू दे, डोक्याला नको. मग कॉम्प्युटर आले, आणि लॉक देणाऱ्या त्या कंपनीनं तोच जुना कळफलक आत घालून दिला, म्हणून पद्मजाच्या बोटांना काही विसरावं लागलं नाही. तिला काय करता येतं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते नव्हतंच. डोळे कागदावर असायचे, बोटं खाली चालायची आणि मधे पद्मजा नसायची. कुकरच्या शिट्ट्या नसायच्या, सासूबाईंचं कण्हणं नसायचं, उद्या कोण जेवायला येणार ते नसायचं. ह्या दोन खोल्यांच्या घरात तिला स्वतःची म्हणून जी जागा होती ती हे टेबल नव्हतं, ती जागा ही होती. आता बोटं पडत होती आणि खालून कुणीतरी दुसरंच बोलत होतं. कंपनी केव्हाच बंद झाली होती, तसलं लॉक आता कुठे मिळत नव्हतं, म्हणून तर ती हे जुनं मशीन तळहाताच्या फोडासारखं जपत होती. त्याला इंटरनेट लावू दिलं नव्हतं. कुणाचा पेनड्राईव्ह लावू दिला नव्हता. आणि श्यामकांतला तिनं स्पष्ट, मराठीत, दोन पोरांच्या आईनं सांगावं तसं सांगितलं होतं, की सोसायटीभर काय घालायचा तो गोंधळ घाला, माझ्या मशीनला हात लावायचा नाही.

तो तेव्हाही हसलाच होता. तिचं नाही म्हणणं त्याला नेहमी प्रस्तावनेसारखं वाटायचं. गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर आधी त्यानं स्वयंपाकघरातले डबे आकारानं लावले, मग नळांचे वॉशर बदलले, मग सोसायटीच्या कमिटीत शिरून लिफ्टवाल्याशी भांडण काढलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय. मग पवईला एक ग्रुप भेटला, दर रविवारी जमणारा. माणसं भली होती. लोकांनी अडगळीत टाकलेली जुनी मशीनं आणायची, साफ करायची, त्यांवर लिनक्स घालायचं आणि गरजूंना द्यायची. त्यात वाईट काय होतं? पद्मजानं त्या लोकांना एकदा पोहेसुद्धा करून घातले होते. श्यामकांतनं सोसायटीच्या ऑफिसातलं मशीन केलं, वाचनालयातलं केलं, आपल्या बहिणीचं केलं, आणि सगळ्यांनी त्याचे आभार मानले. नोकरीत इतकी वर्षं विजेच्या पॅनेलची ड्रॉइंग काढली तेव्हा त्याचे कुणी इतके आभार मानले नव्हते. तो तरुण दिसायला लागला. स्वातंत्र्य हा शब्द त्याच्या तोंडी यायला लागला. मशीन कंपनीच्या गुलामीतून सुटलं पाहिजे, वापरणारा मालक झाला पाहिजे. जेवताना हे ऐकत पद्मजा त्याला भात वाढत होती. वापरणारा मालक! आणि इतक्या वर्षांत घरी कुणी आलं, की हिच्या कामाबद्दल त्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं, हिचं आपलं टायपिंग असतं. अर्ध्या मुलुंडच्या लग्नपत्रिका, प्रबंध, मंडळांच्या स्मरणिका, गेलेल्या माणसांची निवेदनं तिच्या हातांखालून गेली होती. ते सगळं म्हणजे आपलं टायपिंग.

आणि आज दुपारी सहदेव मेस्त्री येणार होते. वडील गिरणीत, स्वतः पालिकेच्या पाणीखात्यात, आणि मूळ गाव देवगडच्या बाजूला. रिटायर झाल्यापासून मेस्त्री एकच काम करत होते. आईच्या तोंडचे शब्द जमवायचे. कापणीचे, माशांचे, पावसाच्या तऱ्हांचे, बाळंतिणीच्या खोलीतले, आणि शिव्यांचं तर अख्खं प्रकरण होतं. आई गेल्यावर गावात, भांडुपच्या चाळीत, जिथे म्हातारी बाई दिसेल तिथे बसून त्यांनी हे गोळा केलं. दोन वर्षं ते पद्मजाकडे पानं आणत होते आणि ती टाईप करत होती. मालवणी तिची नव्हती, पण शब्द बोटांतून गेले की आपले होतात, आणि शिव्या तर विशेषच. भांडुपला त्यांच्या गावच्या मंडळाचा मेळावा ठरला होता, पुस्तक तिथे निघायचं होतं, निमंत्रणपत्रिका पद्मजानंच करून दिल्या होत्या आणि त्या वाटूनही झाल्या होत्या. हाती लिहिलेली मूळ पानं मेस्त्रींनी, पाठकोरी असली तरी आता लागत नाहीत म्हणून, रद्दीत घातली होती. उरला होता तो शेवटचा छापील प्रुफाचा गठ्ठा, त्यांनी घरी तपासायला नेलेला. आज मेस्त्री तो आणणार, पद्मजा त्यातल्या चुका मशीनवर दुरुस्त करणार आणि उद्या फाईल प्रेसला जाणार. आता दुरुस्त करायला फाईल नव्हती, आणि परत टाईप करायला ह्या घरात तिच्या बोटांची मराठी नव्हती. पद्मजाताईंकडे दिलं म्हणजे काम झालं, असं लोक म्हणत. तेवढंच तिनं मिळवलं होतं.

हे सगळं तिनं सांगितलं तेव्हा श्यामकांत पहिल्यांदा जरा गडबडला. खुर्ची ओढून बसला. पुसलेलं परत काढायची एक युक्ती असते म्हणाला, आणि काळ्या पडद्यावर काहीतरी लिहीत राहिला. पद्मजा मागे उभी राहून त्याची बोटं बघत होती. एकेक बोट उचलून, शोधून, टोचल्यासारखं मारत होता. पडद्यावर आकड्यांच्या नावांचे तुकडे येत होते, उघडल्यावर आत काहीच नव्हतं. नवीन सगळं नेमकं जुन्याच्या अंगावर जाऊन बसलं होतं. "नाही गं," तो शेवटी म्हणाला, आणि क्षणभर त्याचा चेहरा असा झाला, की तिला वाटलं, आता हा चुकलो म्हणेल. म्हणाला असता तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण त्याला दुसरंच काहीतरी सुचलं. "तरी मला कळत नाही, इतकं महत्त्वाचं काम, तू दुसरी कॉपी कशी नाही ठेवलीस?"

"ठेवली होती. ई वर."

"अगं, पण ई म्हणजे वेगळी डिस्क नव्हे!" तो उजळला. मघाची गडबड कुठच्या कुठे गेली. "सी, डी, ई हे एकाच डिस्कचे भाग. नुसत्या आखलेल्या रेघा. आता पोळीचे तीन तुकडे केले म्हणून तीन पोळ्या होतात का? ताट उलटलं की तिन्ही तुकडे खाली. म्हणजे तू रोज संध्याकाळी करायचीस ना, त्याला तसा काही अर्थच नव्हता." हे त्यानं तिला हवेत बोटानं रेघा मारून दाखवलं, पहिलीतल्या मुलीला दाखवावं तसं. आणि तो खरं बोलत होता. तेच असह्य होतं. दादरच्या क्लासमधल्या कुणी तिला हे सांगितलं नव्हतं. ती तीन वेगळी कपाटं समजत होती आणि एका कपाटातलं दुसऱ्यात ठेवून रोज निर्धास्त झोपत होती. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या, मशीन बंद करण्याआधीची ती थोडा वेळ थांबून राहायची सवय, हिरवी पट्टी भरत जायची ती बघणं. त्याला तसा काही अर्थच नव्हता. तिच्या मनात मेस्त्रींच्या आईची एक शिवी स्पष्ट उमटली. तुझा वाटोळा होवंदे. टाईप करताना ती हसली होती. आता हसू आलं नाही, तिला ती अक्षरशः तशीच हवी होती, ह्या माणसाचं ह्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटोळं व्हावं, आणि ते व्हायला वेळ लागावा.

मग तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि घाटकोपरला रत्नप्रभाला फोन केला. रत्नप्रभा दादरच्या क्लासमधली, तेच सॉफ्टवेअर, तेच लॉक, पंतनगरला अजून काम करणारी. दोघींचं बोलणं नव्हतं. पद्मजाचं एक शाळेचं गिऱ्हाईक रत्नप्रभानं मधल्या मधे उचललं होतं आणि वर लोकांना सांगितलं होतं, की पद्मजाला आता झेपत नाही.

"बरं झालं आठवण आली," रत्नप्रभा म्हणाली. "बोल."

पद्मजानं सांगितलं. नवऱ्याचं नाव मात्र काढलं नाही, लॉक हरवलं म्हणाली आणि थोडे दिवस तिचं मागितलं. ते का वगळलं हे तिचं तिलाही नंतर नीट सांगता आलं नसतं.

"लॉक उसनं मागतेस? वेडी आहेस का गं? लॉक कोण देतं?" पलीकडे प्रिंटर चालू असल्याचा आवाज येत होता. "इथे येऊन बस हवं तर. माझं दुसरं मशीन आहे, दिवसा रिकामं असतं. पण माझ्या वेळात यायचं, आणि गिऱ्हाईकाशी माझ्या समोर बोलायचं. रोज यायला लागेल हां, चारशे पानं काय खायचं काम नाही. घर सोडून येशील?"

"बघते," असं म्हणून पद्मजानं फोन ठेवला. त्या बाईच्या दारात, तिच्या मशीनवर, तिच्या वेळात! त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं, आणि ती स्वयंपाकाला लागली.

तिनं आमटी केली, भात केला, काकडीची कोशिंबीर केली, आणि करता करता तिला स्वतःचीच चीड येत होती, की हात हेही आपले आपण करतायत. समोर बसून श्यामकांत जेवत होता. कोशिंबीर चावल्याचा कचकच आवाज तिच्या कानशिलात जात होता. इतक्या वर्षांत हा आवाज तिनं ऐकला नव्हता असं नाही, पण आज त्याशिवाय घरात दुसरं काही ऐकूच येईना. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "मेस्त्रींना आपण सांगू, मशीन गेलं. जुनं होतं, गेलं. त्यांना त्यातलं काय कळणार? आणि होतंच की जुनं, खोटं असं नाही त्यात. मेळावा पुढे ढकला म्हणावं. उगाच घरातली गोष्ट बाहेरच्याला कशाला." पद्मजानं त्याच्या पानात भात वाढला. ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणं त्यानं होकार म्हणून घेतलं, कारण तसं घ्यायची वहिवाटच होती. त्याच्या भाच्याच्या मुंजीला तो तारीख विसरला, तेव्हा नणंदेला पद्मजानं सांगितलं, वन्सं, मीच विसरले. मोठ्या दिरांचं औषध ठाण्याहून आणायचं तो विसरला, तेव्हाही मीच विसरले. रेवतीच्या लग्नात व्याह्यांकडच्या एका वयस्क बाईंना स्टेशनवरून आणायला कुणी गेलंच नाही, त्या भर उन्हात ताटकळत बसल्या, आणि मांडवात सगळ्यांदेखत पद्मजानं हात जोडले, मीच विसरले हो. कुणी तिला तसं बोलायला लावलं नव्हतं. नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे माहेरून येताना भांड्याकुंड्यांबरोबर आलेलं होतं. आता सासरच्या सगळ्या गोतावळ्यात ती विसराळू म्हणून प्रसिद्ध होती. पुतणे तर थट्टेनं म्हणायचे, काकूला काही सांगू नका, आणि जिला एका पानावर अनुस्वार कुठे राहिला हे पाच वर्षांनी सांगता यायचं, ती बाई त्यांच्याबरोबर हसायची.

मेस्त्री दुपारी आले. पांढरा हाफ शर्ट, कपाळावर घाम, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गठ्ठा. बसायच्या आधीच पिशवी सोडायला लागले. "ताई, लय नाय चुको. 'पागोळी'च्या पानार एक असा, आणि शिव्यांच्या पानार दोन. बाकी झकास." ते खुशीत होते. पद्मजानं पाणी आणून दिलं. श्यामकांतनं पुढे होऊन त्यांना सोफ्यावर बसवलं, स्वतः समोरच्या खुर्चीत बसला आणि गंभीर चेहरा केला. "मेस्त्री, एक वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "हिचं मशीन गेलं. हार्ड डिस्क. सगळं काम गेलं त्यातलं."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे संपलं. जुनी वस्तू, कधीतरी जाणारच. मी सकाळपासून खटपट केली, पण काही हाती लागलं नाही."

मेस्त्री गठ्ठ्यावर हात ठेवून बसले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं चालू होतं. मग त्यांनी पद्मजाकडे बघितलं. रागावून नाही, समजून घ्यायच्या तयारीनं बघितलं. "ताई, दुसरी कॉपी काडून नाय ठेवलास?"

पद्मजा तोंड उघडणार तेवढ्यात श्यामकांत बोलला. "अहो, तेच तर ना! राहिली तिची. विसरली असेल. तशी विसराळू आहे ती," आणि तो कसनुसा हसला, घरच्या माणसाची लाडकी खोड सांगावी तसा.

भांडी घासून पालथी घालून ठेवावीत तशी पद्मजानं ही वाक्यं वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं मांडून ठेवली होती, आणि आज हा माणूस त्यांतलं एक उचलून सहज वापरत होता. पण तो घरातला मामला होता, मुंजी आणि लग्नं. हे काम होतं. "मशीन धडधाकट होतं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत आला. "आत्ताही आहे, ते बघा. ह्यांनी पुसलं. मी बोरिवलीला गेले होते तेव्हा, मला न विचारता. लॉकपण भंगारात घातलं. मी नको म्हणून सांगितलेलं असताना."

"पद्मा!"

"दोन कॉप्या होत्या माझ्या. दोन्ही एकाच डिस्कवर होत्या, ते मला माहीत नव्हतं. ती चूक माझी. विसरले नव्हते मी. मी काहीही विसरत नाही."

श्यामकांत कानांपर्यंत लाल झाला. तो मेस्त्रींकडे बघून स्वातंत्र्य की काय असं काहीतरी बोलायला लागला, जुन्या सिस्टिमचे धोके, हिच्या भल्यासाठीच, आणि मधेच थांबला, कारण मेस्त्री त्याच्याकडे बघतच नव्हते. ते पद्मजाकडे बघत होते, आणि आता मघाची समजूत त्यांच्या डोळ्यांत उरली नव्हती. "ताई," ते म्हणाले, "मी कागद तुमका दिल्लंय. साहेबांका नाय. साहेबांक मी वळखतंय खंय? काम तुमचा, राखण तुमची. माझी आवस परत येवची नाय ते शब्द सांगूक." त्यांनी गठ्ठा परत पिशवीत घातला, गाठ मारली. पद्मजाला वाटलं होतं, खरं सांगितलं की कुठेतरी हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ते उठले, चपला घातल्या आणि पाणी तसंच ठेवून जिना उतरायला लागले.

"झालं समाधान?" दार लागायच्या आत श्यामकांत म्हणाला. "बाहेरच्या माणसादेखत नवऱ्याची लाज काढलीस, आणि मिळालं काय? काम गेलं ते गेलंच. गप्प राहिली असतीस तर निदान तो तरी..."

तिला पुढचं ऐकू आलं नाही. ती घरातल्या सपाता घालूनच तीन मजले उतरली. पदर कठड्याला अडकला तो तिनं ओढून घेतला. गेटाबाहेर मेस्त्री रिक्षात बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन, आणि रिक्षावाला मीटर टाकत होता. पद्मजानं रिक्षाची दांडी धरली.

"कागद द्या मला."

"कशाक?"

"पहिल्यापासून टाईप करते. सगळं. मेळाव्याच्या आत होईल का नाही ते आत्ता सांगत नाही. पण करते."

मेस्त्रींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, सपाता बघितल्या. "खंय करणार?"

जिन्यात तिनं एवढाच विचार केला होता, की गठ्ठा जाता कामा नये. पण विचारल्यावर उत्तर आपोआप तोंडातून आलं. "घाटकोपरला. पंतनगरला एक बाई आहे, तिच्याकडे तेच मशीन आहे. तिथे बसेन. रोज जाईन."

"आणि घरी?"

"घरी माझं मशीन नाही," पद्मजा म्हणाली.

पिशवी मेस्त्रींनी तिच्या हातात दिली नाही. पण मांडीवरून उचलून ती पलीकडच्या बाजूला घेतली आणि सरकून जागा केली. तेवढ्यात वरून हाक आली. श्यामकांत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभा होता, गजांतून हात बाहेर काढून. त्याच्या हातात घराची किल्ली होती. "पद्मा, अगं किल्ली राहिली तुझी! मी संध्याकाळी पवईला जाणार आहे, घर बंद असेल. खाली टाकू का?"

पद्मजानं वर बघितलं. किल्ली उन्हात चमकत होती आणि तो ती टाकायच्या बेतात होता. ती रिक्षात बसली आणि घाटकोपरला, हायवेनं घ्या म्हणाली.